एक लाख वस्तीच्या गावाला ४७ मिलियनचा गडी कसा परवडतो?

बर्फवाडी

ऑगस्ट २०२५ संपता संपता अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅलस काउबॉइजनी त्यांचा सगळ्यात धारदार बचावपटू मायका पार्सन्स आमच्या ग्रीन बे पॅकर्सना देऊन टाकला. बदल्यात पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (नवखे खेळाडू निवडायच्या पाळ्या) आणि आमचा केनी क्लार्क घेतला. पॅकर्सनी पार्सन्सशी चार वर्षांचा १८८ मिलियन डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी ४७ मिलियन, आणि एकूण रकमेतले १२० मिलियन सही करतानाच पक्के.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून मेहुण्याचा फोन. तो फुटबॉल बघत नाही, आकडे बघतो. "दाजी, तुमच्या गावाची वस्ती किती?" म्हटलं, एक लाख सात हजारांच्या आसपास. "आणि ते डॅलसवाले म्हणजे जगातला सगळ्यात महाग संघ ना? मग श्रीमंताच्या दावणीचा बैल तुमच्या गोठ्यात कसा काय आला?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हा धागा.

आधी माझा संबंध सांगून टाकतो. मी २००८ पासून ग्रीन बेमध्ये आहे आणि माझ्याकडे पॅकर्सचा एक शेअर आहे. २०२१ च्या विक्रीत ३०० डॉलरला घेतला. त्यावर लाभांश नाही, भाव चढत नाही, बाजारात विकता येत नाही, फार तर घरातल्या माणसाच्या नावावर करता येतो. प्रमाणपत्र दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय. बायको त्याला "तीनशे डॉलरचं कॅलेंडर, तेही तारखा नसलेलं" म्हणते. असे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत आणि दर जुलैत लॅम्बो फील्ड या संघाच्या स्टेडियमवर आमची सभा भरते. जुलैच्या उन्हात ते ॲल्युमिनियमचे बाक तव्यासारखे तापतात. मुरलेले भागधारक घरून बसायला गादी आणतात, मी पहिल्या वर्षी नेली नव्हती.

या सभेमुळेच एक गोष्ट घडते. एनएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या लीगच्या, ३२ संघांपैकी दरवर्षी आपला हिशेब उघडा करणारा पॅकर्स हा एकटाच. बाकीचे ३१ खासगी मालकांचे, त्यांची वही कुणाला दिसत नाही. पण लीगकडून मिळणारा वाटा सगळ्यांना सारखाच असल्यामुळे पॅकर्सच्या वहीतलं एक पान म्हणजे बत्तीसही संघांचं पान. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षातलं ते पान असं: पॅकर्सचं एकूण उत्पन्न साधारण ७१९ मिलियन डॉलर, त्यातले ४३२.६ मिलियन थेट लीगकडून. मुख्यतः टीव्हीचे, शिवाय लीगचे प्रायोजक, जर्सी-टोप्यांचे परवाने वगैरे. न्यूयॉर्कला तेवढेच, लॉस एंजेलिसला तेवढेच, आम्हालाही तेवढेच.

आता खर्चाची बाजू. त्या हंगामात (२०२४) खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा, म्हणजे कॅप, होती प्रत्येक संघाला २५५.४ मिलियन. निवृत्तांचे लाभ, विमा वगैरे धरून वर आणखी ७४. बेरीज ३२९.४. म्हणजे लॅम्बोच्या फाटकावर पहिलं तिकीट स्कॅन व्हायच्या आधीच सगळ्या खेळाडूंचा खर्च निघाला आणि वर शंभरेक मिलियन उरले. तिकिटं, बिअर, पार्किंग, सूट्स (स्टेडियममधल्या महागड्या खासगी खोल्या) हे सगळं त्याच्या पुढचं.

तर मेहुण्याला उत्तर असं, की पार्सन्सचा पगार ग्रीन बे गाव देत नाही. अमेरिकेतला टीव्हीसमोर बसलेला प्रत्येक माणूस देतो, त्यात डॅलसमधलाही आला.


कोकमसार

वाचनखूण साठवली. दोन शंका आहेत.

१. मिलियन नको हो, कोटीत सांगा. २. हे आयपीएलसारखंच झालं की. बीसीसीआय मीडिया हक्कांचे पैसे फ्रँचायझींना वाटतं, लिलावाला पर्स ठरवून देतं (२०२५ च्या हंगामासाठी १२० कोटी). मग एवढं कौतुक कशाचं?


बर्फवाडी

१. दहा मिलियन म्हणजे एक कोटी. पार्सन्सला १८ कोटी ८० लाख डॉलर. रुपयांत करू नका, रात्री झोप येणार नाही.

२. सांगाडा सारखाच आहे, मान्य. पण एक फरक मोठा. आयपीएलची पर्स किती हे बोर्ड ठरवतं, खेळाडूंना कुणी विचारत नाही. सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची सौदा करू शकेल अशी संघटना आपल्याकडे नाहीच, जी आहे ती निवृत्तांची. इथे कॅपचा आकडा मालक आणि खेळाडूंची युनियन यांच्या करारातून निघतो. २०२० च्या करारानुसार लीगच्या उत्पन्नातला किमान ४८ टक्के खेळाडूंचा. उत्पन्न वाढलं की कॅप वाढते. २०२१ मध्ये कोविडमुळे मैदानं रिकामी राहिली होती, तेव्हा ती १९८.२ वरून १८२.५ वर आलीसुद्धा. २०२५ ला २७९.२.

आणि नुसती कमाल नाही, किमानही आहे. काही वर्षांच्या सरासरीने कॅपच्या ९० टक्के रक्कम प्रत्यक्ष रोखीत खर्च करावीच लागते. लीगकडून आलेला वाटा खिशात टाकून भंगार संघ उतरवायचा, ही चलाखी फार काळ चालत नाही.


गुऱ्हाळ

मी एका सहकारी साखर कारखान्याचा सभासद (नाव घेत नाही, सभासदत्व टिकवायचंय). त्यामुळे शेअरचा मजकूर वाचून गहिवरून आलं. फरक एवढाच की आम्हाला दिवाळीला सवलतीची साखर मिळते, तुम्हाला तीही नाही! आणि आमची वार्षिक सभा "मंजूर, मंजूर" ओरडून दहा मिनिटांत गुंडाळतात, उन्हात बसायची वेळच येत नाही.

प्रश्न खरा विचारतो: एक सभासद एक मत आहे का? आणि उद्या संचालकांनी संघ विकायला काढला तर?


बर्फवाडी

:-) साखर नाही, बरोबर. सीझन तिकीटसुद्धा नाही, त्याच्या प्रतीक्षायादीत एक लाख चाळीस हजारांवर नावं आहेत. शेअर असला नसला तरी रांग एकच.

मत शेअरमागे आहे, माणसामागे नाही. पण एका माणसाला दोन लाखांपेक्षा जास्त शेअर घेता येत नाहीत, त्यामुळे कोणी "दादा" होऊ शकत नाही. विकला तर येणारा पैसा भागधारकांना नाही, पॅकर्सच्या धर्मादाय फाउंडेशनला जाईल. पूर्वी तो सैनिकांच्या स्मारकासाठी अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या गावातल्या शाखेला जाणार होता. म्हणजे विकून कुणाचंच भलं नाही, म्हणून कोणी विकत नाही. तुमच्याकडच्या आजारी कारखान्यांच्या लिलावांच्या बातम्या वाचतो तेव्हा हे कलम आठवतं.

अशी मालकी आता दुसऱ्या कुणाला करता येत नाही. लीगच्या नियमात बसत नाही, पॅकर्स जुने म्हणून चालवून घेतलंय.


जुना_खेळिया

वाटणी कुठून सुरू झाली ते लिहितो, कारण ती आभाळातून पडलेली नाही.

१९६० मध्ये पीट रोझेल लीगचा कमिशनर, म्हणजे प्रमुख, झाला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. त्या वेळी प्रत्येक संघ टीव्हीशी स्वतःचा वेगळा सौदा करायचा. न्यूयॉर्क जायंट्सना भरपूर, ग्रीन बेला चिल्लर. रोझेलने सगळ्यांचे हक्क एका गाठोड्यात बांधून सीबीएस वाहिनीला विकायचं ठरवलं. त्यासाठी जायंट्सचे मालक मारा बंधू यांनी आपल्या जास्तीच्या पैशावर पाणी सोडायला हवं होतं. त्यांनी सोडलं. माझ्या मते एनएफएलच्या इतिहासातला सगळ्यात महाग "हो" तो.

पण १९६१ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या न्यायाधीशाने सौदा अडवला. चौदा स्पर्धक एकत्र येऊन एक भाव ठरवतात, म्हणजे हे मक्तेदारीविरोधी कायद्याचं उल्लंघन. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबरच होतं. मग रोझेल वॉशिंग्टनला गेला आणि काही आठवड्यांत स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग ॲक्ट उभा राहिला. ३० सप्टेंबर १९६१ ला केनेडींनी सही केली. या घडीला सगळे जे वाटून खातात ते त्या कायद्याने दिलेल्या सवलतीवर.

१९६२ चा सीबीएसचा करार वर्षाला ४.६५ मिलियनचा होता. चौदा संघांत वाटला तर प्रत्येकी सव्वातीन लाखांच्या वर. गंमत बघा, २०२२ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज विकला गेला ४.६५ बिलियनला. आकडा तोच, मागे तीन शून्यं जास्त. आणि २०२३ ते २०३३ या वर्षांचे टीव्ही करार मिळून ११० बिलियनच्या आसपास आहेत.


टेक्सासकर

धागा छान आहे, पण सगळे मिळून डॅलसला श्रीमंत मामा करताय, म्हणून दोन शब्द.

पार्सन्स पैसे नव्हते म्हणून गेला नाही. मालक जेरी जोन्स आणि पार्सन्सचा एजंट यांचं जुळलं नाही म्हणून गेला. त्यावर मी इथे शिव्या लिहिल्या तर संपादक मंडळ आयडी उडवेल.

आता दुसरी बाजू. जोन्सनी १९८९ मध्ये संघ घेतला तेव्हा तो तोट्यात होता. त्यांनी स्टेडियममधल्या सूट्सपासून प्रायोजकांपर्यंत सगळं स्वतः विकलं. १९९५ मध्ये लीगला न जुमानता पेप्सी, नाइकी, अमेरिकन एक्स्प्रेस यांच्याशी स्टेडियमच्या नावाखाली करार केले. लीगने ३०० मिलियनचा दावा ठोकला, जोन्सनी उलटा ७५० मिलियनचा. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि करार राहिले. आज बाकीचे ३१ जण तीच वाट चालतात. फोर्ब्सच्या २०२५ च्या हिशेबात काउबॉइज १३ बिलियनचे.

राष्ट्रीय सामन्यांना सगळ्यात जास्त प्रेक्षक कोण आणतं? आम्ही. टीव्हीचा पैसा कुणामुळे वाढतो? आणि वाटा घेताना मात्र सगळे सारखे! एकत्र कुटुंबात कमावत्या मुलाची बायको रात्री नवऱ्याला जे म्हणते तेच मी म्हणतोय.


कोकमसार

टेक्सासकर, :)) पण कमावत्या मुलाने शेवटचं सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, कधी जिंकलं?


टेक्सासकर

जानेवारी १९९६. पुढे बोलू नका.


मनीषा_ओहायो

मी सिनसिनाटीची, इथल्या बेंगल्स संघाची. कमावत्या दिराच्या घरातली धाकटी जाऊ म्हणा.

वाटणीतली खरी खोच अजून कोणी सांगितलेली नाही. टीव्हीचा पैसा सारखा वाटला जातो, पण तिकिटांमधला मोठा हिस्सा, सूट्स, स्टेडियमचं नाव, पार्किंग हे संघाच्या स्वतःच्या खिशात जातं. आता कॅप कशावरून काढतात बघा. सध्याच्या पद्धतीचा पाया २०११ च्या करारात घातला गेला: लीगच्या टीव्ही उत्पन्नाचा ५५ टक्के, लीगच्या इतर धंद्यांचा ४५ टक्के आणि संघांच्या स्थानिक उत्पन्नाचा ४० टक्के खेळाडूंकडे जातो. या सगळ्याची मिळून एक रास करायची आणि ३२ ने भागायचं.

म्हणजे डॅलसने नवे सूट्स विकले की स्थानिक उत्पन्न फक्त डॅलसचं वाढतं, पण कॅप सगळ्यांची वाढते. पैसा त्यांच्याकडे, पगाराची वाढ आमच्याही माथी. हीच खोच आधीच्या, २००६ च्या करारातही होती, म्हणून त्याच्या मतदानात ३० विरुद्ध २ झालं. विरोधात होते फक्त आमचे मालक माइक ब्राउन आणि बफेलोचे राल्फ विल्सन. तेव्हा लोक या दोघा म्हाताऱ्यांना हसले. दोन वर्षांतच सगळ्या मालकांनी मिळून त्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं आणि २०११ मध्ये टाळेबंदी केली.

टेक्सासकर, तुमच्या स्टेडियमचं कर्तृत्व मान्य, पण बहुतेक मालक स्टेडियम स्वतःच्या पैशाने बांधत नाहीत. आमच्या काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) १९९६ मध्ये डॉलरमागे अर्धा सेंट विक्रीकर लावून बांधलं. लास व्हेगसने हॉटेलच्या करातून ७५० मिलियन दिले. जे वाटून घ्यावं लागत नाही ते वाढवायचं, आणि ते वाढवायचा खर्च गावाने करायचा.


बर्फवाडी

मनीषाताई, दंडवत. ही खोच मूळ लेखात यायला हवी होती.

आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. लॅम्बोच्या नूतनीकरणासाठी २००० साली मतदान होऊन काउंटीने अर्धा टक्का विक्रीकर लावला. मी आलो तेव्हा साबणाच्या पावतीवरसुद्धा काउंटीच्या कराचा आकडा का, हे कळेना. ऑफिसातली म्हातारी सहकारी म्हणाली, "तो पॅकर्सचा." ३० सप्टेंबर २०१५ ला तो खरोखर बंद झाला. कर बंद झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.


ताळेबंद

पुण्याहून. पेशाने सीए, खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण कॅपचे नियम वाचायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. आमच्या धंद्यातली सगळी पापं इथे कायदेशीर आहेत!

मुख्य गोष्ट म्हणजे रोख आणि कॅप या दोन वेगळ्या वह्या. खेळाडूला सही करताना बोनस दिला तर पैसे लगेच जातात, पण कॅपच्या वहीत तो करार जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच, सारखा पसरता येतो. पॅकर्सनी २०२४ मध्ये क्वार्टरबॅक (चाल रचणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन लव्हला ७५ मिलियनचा बोनस दिला. वहीत दरवर्षी १५.

आता जादू. समजा एखाद्याचा यंदाचा पगार २० मिलियन आहे आणि कराराची चार वर्षं बाकी आहेत. संघ म्हणतो, यातले १८ मिलियन आम्ही तुला बोनस म्हणून आत्ताच देतो. खेळाडूचं काही जात नाही, उलट पैसे लवकर हातात. वहीत मात्र १८ भागिले ४ म्हणजे साडेचार, अधिक उरलेला पगार २, एकूण साडेसहा. म्हणजे यंदा साडेतेरा मिलियन मोकळे! पुढच्या तीन वर्षांवर साडेचार-साडेचारचा बोजा चढला, तो पुढचं पुढे. वर्षं कमी पडली तर कराराला शेवटी खोटी वर्षं जोडायची, ज्यात तो खेळणारच नाही हे दोघांनाही माहीत असतं. त्याला व्हॉइड इयर्स म्हणतात. आमच्याकडे असं केलं तर नोटीस येते, तिकडे त्या माणसाला हुशार जनरल मॅनेजर म्हणतात.

हप्ते चालू असताना खेळाडूला काढलं तर उरलेला सगळा बोजा अंगावर. तो डेड मनी. डेन्व्हरने रसेल विल्सनला दोन हंगामांत काढला आणि ८५ मिलियनचा डेड मनी दोन वर्षांत सोसला. तोच विल्सन २०२४ मध्ये पिट्सबर्गसाठी खेळला, त्यांना पडला १.२१ मिलियनला. बाकीचा पगार डेन्व्हरच देत होतं. लग्न एकाशी, पोटगी दुसऱ्याकडून.

एक विचारतो. रोख आधी लागत असेल, तर ज्या मालकाकडे रोकड जास्त तो कॅप समान असूनही पुढे जाणार नाही का?


टेक्सासकर

ताळेबंद, शेवटच्या प्रश्नाबद्दल तुम्हाला माझ्याकडून बिर्याणी. होय, जातो. कॅप सारखी, पण पाच वर्षांचा बोनस एका दिवशी मोजायला तिजोरी लागते. शिवाय हमी दिलेली पण पुढच्या वर्षांची रक्कम बरीचशी आधीच वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. धंदा म्हणजे फक्त संघच, अशा जुन्या घराण्यांना ते जड जातं.

आणि फसवणूक नको म्हणून देखरेखही आहे बरं. नव्वदच्या दशकातल्या छुप्या करारांसाठी लीगने २००० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या वेळच्या अध्यक्षांना, कार्मेन पॉलिसींना, ४ लाख डॉलर दंड केला. बर्फवाडींना विचारा, पॅकर्सचे जुलै २०२५ पासूनचे अध्यक्ष कोण?


बर्फवाडी

एड पॉलिसी. कार्मेन पॉलिसींचे चिरंजीव. बापाचं मुलाच्या माथी मारायचं नाही, तरी सभेत हा उल्लेख कुणी करत नाही.

डेन्व्हरचं एक राहिलं. एवढा बोजा डोक्यावर असूनही ते २०२४ मध्ये प्लेऑफला गेले. कारण क्वार्टरबॅक नवखा होता, बो निक्स, आणि नवख्यांचा पगार ड्राफ्टच्या क्रमांकाने ठरतो. घासाघीस नाहीच. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ५० मिलियनची हमी मिळाली होती. २०११ मध्ये नवा तक्ता आला आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला एकूण २२. सगळ्यात टोकाचं उदाहरण ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. दुसऱ्या वर्षी ८ लाख ७० हजार डॉलर मूळ पगारावर त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचे २६५ मिलियन मिळाले, ते आधीची थकबाकी दिल्यासारखे.


कलम_काढू

इथे सगळे संघाच्या बाजूने बोलताहेत, मी खेळाडूच्या बाजूने बोलतो.

कॅप ही छोट्या गावांना वाचवायला आणली, हे मला पटत नाही. छोट्या गावाला वाचवतो तो लीगचा समान वाटा, आणि तो १९६२ पासून आहे. कॅप आली १९९४ मध्ये, ३४.६ मिलियनची. मधली बत्तीस वर्षं ग्रीन बे जिवंत होतंच की, पहिल्या सहा वर्षांत तर प्रशिक्षक लोम्बार्डींच्या हाताखाली विजेतेपदांची रांग लावली. मग १९९४ ला असं काय अडलं?

अडलं हे की तोवर खेळाडू करार संपला तरी दुसरीकडे मोकळेपणी जाऊ शकत नव्हता. १९८७ चा संप बदली खेळाडू उतरवून मोडला. मग युनियनने मैदान सोडून कोर्ट धरलं. १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील या खेळाडूच्या खटल्यात ज्यूरीने मालकांच्या बंधनांविरुद्ध कौल दिला, पाठोपाठ रेजी व्हाइटच्या नावाने सगळ्या खेळाडूंचा दावा उभा राहिला आणि १९९३ मध्ये समझोता झाला. खेळाडूंना मोकळीक, मालकांना कॅप. दावं सोडलं त्याच दिवशी कुंपण घातलं.

हमीचंही तसंच. बातमीत १८८ मिलियन छापतात, त्यातले पक्के किती ते खाली बारीक अक्षरात. २०२२ मध्ये क्लीव्हलंडने डेशॉन वॉटसनला २३० मिलियन पूर्ण हमीसह दिले आणि बाकीच्या मालकांच्या पोटात गोळा आला. युनियनने तक्रार केली. जानेवारी २०२५ मध्ये लवादाने म्हटलं, की लीगने मालकांना हमी कमी द्यायला उत्तेजन दिलं, पण मालकांनी प्रत्यक्ष संगनमत केल्याचा पुरावा पुरेसा नाही. हा निकाल कित्येक महिने कुणाला दिसलाच नाही. लपवणाऱ्यांत लीग होती हे समजू शकतो. युनियनही होती! जूनमध्ये एका पत्रकाराने तो बाहेर काढला तेव्हा खेळाडूंना कळलं की आपण काय जिंकलो आणि काय हरलो.

२०१० चं वर्ष तर डोळ्यांत अंजन घालणारं. त्या वर्षी कॅपच नव्हती. तरीही डॅलस आणि वॉशिंग्टनने त्या वर्षात जास्त बोजा उरकून घेतला म्हणून २०१२ मध्ये त्यांच्या कॅपमधून अनुक्रमे १० आणि ३६ मिलियन कापले. नियम नसताना नियम मोडल्याची शिक्षा. याचा अर्थ मालकांची आपापसात काय समजूत होती, ते सांगायला वकील लागत नाही.


टेक्सासकर

त्या १० मिलियनचा राग अजून गेलेला नाही. कलम_काढूंना आमच्याकडून शाल-श्रीफळ.

पण मूळ मुद्द्याशी असहमत. मोकळीक दिली आणि कॅप नसती, तर १९९३ नंतर डॅलस, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन यांनी बाजार उठवला असता. बेसबॉलकडे बघा, तिथे कॅप नाही, नुसता दंडाचा कर आहे आणि लॉस एंजेलिस तो हसत भरतं. १९६२ चा वाटा एकट्याने पुरला नसता.


कलम_काढू

पुरला नसता, हे मान्य करतो. पण मग कुंपणाची किंमत खेळाडूनेच का द्यावी? सूट्सचा पैसाही वाटा, म्हणजे बाजार उठवायला कुणाकडे जास्तीचं राहणारच नाही. त्याला तुमचे जोन्स तयार आहेत का?


टेक्सासकर

नाहीत. :-)


मनीषा_ओहायो

माइक ब्राउनही नसतील, निदान आता. आमच्या क्वार्टरबॅक जो बरोला २७५ मिलियन देऊन झालेत, आता स्टेडियमचं नावही विकलंय. धाकटी जाऊ कमवायला लागली की तिलाही वेगळी चूल हवीशी वाटते.


जुना_खेळिया

कलम_काढू, एक भर घालतो. ज्याच्या नावाने दावा चालला तो रेजी व्हाइट मोकळा झाल्यावर कुठे गेला? सगळ्यांना वाटत होतं मोठ्या शहरात जाईल. १९९३ च्या वसंतात तो चार वर्षांच्या १७ मिलियनवर गेला ग्रीन बेला. तोवर थंडीचं छोटं गाव म्हणून मोठे खेळाडू तिकडे फिरकत नसत. पार्सन्सच्या आधी बत्तीस वर्षं.


गुऱ्हाळ

मग पार्सन्स डॅलसला परत गेला तेव्हा काय झालं? डोकी फुटली असतील.


बर्फवाडी

२८ सप्टेंबर २०२५. आर्लिंग्टनला सामना, जादा वेळसुद्धा संपला. ४०-४०, बरोबरी.

मेहुण्याचा परत फोन आला होता. म्हणाला, "दाजी, गुणसुद्धा सारखे वाटून घेतले की काय?"


कोकमसार

:)) :)) मेहुण्यांना आयडी घ्यायला सांगा.

जाता जाता: तो शेअर आता मिळतो का? भाचा मिलवॉकीला शिकायला आलाय, वाढदिवसाला देईन म्हणते.


बर्फवाडी

सध्या विक्री बंद आहे. १९२३, १९३५, १९५०, १९९७, २०११, २०२१ अशी आजवर सहाच वेळा झाली, पुढची कधी ते सांगता येत नाही. माझा देता येणार नाही, भाचा तुमचा आहे. त्याला जुलैत सभेला घेऊन या, पाहुणा म्हणून सोबत नेतो. गादी मात्र त्याने स्वतःची आणावी.